आधी पहिली पकड ठरव

पत्र: ताई, नमस्कार. मी फोंड्याची, वय 27. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी करते आणि आठवड्यातून सहा दिवस म्हापशाला ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवर लढायच्या कुस्तीसारख्या खेळाच्या, सरावाला जाते. गेल्या वर्षी व्हाइट आणि ब्लूनंतरचा पर्पल बेल्ट मिळाला. एप्रिलमध्ये पर्पलवरची पहिली स्पर्धा खेळले आणि पहिल्याच लढतीत 2-0 ने हरले. मी गार्डमध्ये बसले, म्हणजे समोरचीला पायांनी अडवून लढायला स्वतःच खाली गेले, आणि रेफ्रीने समोरचीला दोन गुण दिले, का ते अजून कळलेलं नाही. नंतरची सहा मिनिटं ती माझ्या क्लोज्ड गार्डमध्येच, म्हणजे पायांच्या विळख्यातच होती. ट्रँगल, म्हणजे पायांनी मान आवळायचा डाव, दोनदा लागता लागता राहिला, त्याचे दोन अ‍ॅडव्हांटेज मिळाले, तिला एकही नाही. आता नोव्हेंबरात परराज्यात स्पर्धा आहे, नियम आयबीजेजेएफचेच (या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ). माझं वजन 61, पण 64 च्या गटातल्या मुली फार ताकदवान असतात म्हणून 58.5 च्या गटात नाव दिलंय. गणेश चवथीपासून एक वेळ जेवते. आई म्हणते, उपाशी राहून कसला खेळ? पावसात परदेशी मंडळी नसतात, त्यामुळे जोडीला उरतात ते जड मुलगे नाहीतर व्हाइट बेल्टवाले. रोज रात्री व्हिडिओ बघून बेरिंबोलो (खालून गिरकी घेऊन पाठ मिळवायचा डाव) आणि लेग लॉक (पायाला लावायचे डाव) शिकतेय. शिवाय मानेवर गजकर्ण आलंय, दुकानातलं क्रीम लावते, जातं आणि परत येतं. एवढं करूनही आपण पुढे जातोय असं वाटत नाही. काय बदलू?

बाय,

प्रश्न बरेच आहेत, पण मी एप्रिलच्या लढतीपासून सुरुवात करते. बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथेच सापडतील.

बसण्याआधी समोरचीचा हात कुठे होता ते आठव. कुणी व्हिडिओ काढला असेल तर पहिली पंधरा सेकंदं पुन्हा पुन्हा बघ. माझा अंदाज असा की तिने तुझी पँट गुडघ्यापाशी धरली होती आणि त्यानंतर तू बसलीस. पँट धरलेली असताना समोरची स्वतःहून गार्डमध्ये गेली आणि धरणारीने वर राहून तीन सेकंद जम बसवला, तर ते टेकडाउन धरतात. दोन गुण. तू आपल्या मर्जीने बसलीस, पण गुणफलकापुरतं तिने तुला पाडलं. म्हणजे तुझी लढत गार्डमध्ये गेलीच नव्हती, ती उभ्यानेच, पकडीच्या झटापटीत गेली होती.

आता पुढचा हिशेब बघ. टेकडाउन, स्वीप (खालून उलटवून वर येणं) आणि नी-ऑन-बेलीचे (पोटावर गुडघा) 2, गार्ड पास केला, म्हणजे समोरचीचे पाय ओलांडले, तर 3, माउंट (अंगावर बसणं) किंवा पाठ मिळाली तर 4. अ‍ॅडव्हांटेज बघतात ते गुण बरोबरीत असतील तरच. तुझ्याकडे दोन होते, तिच्याकडे शून्य. त्या सहा मिनिटांत एक स्वीप मारून वर तीन सेकंद टिकली असतीस तर 2-2 झाले असते आणि अ‍ॅडव्हांटेजवर हात तुझा वर गेला असता. पाच-सहा महिने जी लढत तू डोक्यात घेऊन फिरतेयस, ती एका स्वीपवर अडली होती. हे तुला त्या वेळी माहीत असतं तर तिसऱ्यांदा ट्रँगलच्या मागे लागली असतीस का?

आणि स्वीप समोर होता. ट्रँगलसाठी तिचं डोकं खाली यायला हवं. ती दोन गुणांनी पुढे होती, तिला घाई नव्हती. पाठ ताठ, दोन्ही हात तुझ्या कमरेवर, बूड टाचांवर, अशीच ती बसली असणार. तशा बसलेल्या माणसाला पुढे ओढत बसलं तर आपलेच हात भरतात, पण मागे मात्र ते पटकन जातं. क्लोज्ड गार्ड उघडायचा, एका कोपरावर उठायचं, दुसरा हात तिच्या खांद्यावरून टाकून दंडाला विळखा घालायचा आणि कंबर तिच्या अंगात घालून तिला तिरकं मागे पाडायचं. हिप बंप. सावरायला तिने हात मागे टेकला तर त्याच हातावर किमुरा, म्हणजे हात पिरगळायचा डाव. हात टेकला नाही तर ती पडली. आणि पडू नये म्हणून ती जोरात पुढे आली, तर तुला हवं होतं ते डोकं आता खाली आलेलं आहे. ट्रँगल इथे टाकायचा. गार्ड तोडायला ती उभी राहिली तर दोन्ही टाचा धरून गुडघ्यांनी तिची कंबर मागे ढकलायची, स्वीप पुन्हा तुझाच.

यातलं काहीच तुला नवीन नाही, ब्लू बेल्टपासून तू हे करत आली असशील. पर्पलला डाव सगळ्यांनाच येतात. फरक पडतो तो एका डावातून दुसरा किती लवकर निघतो यात. तुझा ट्रँगल चांगला आहे हे मी मानते, कारण पर्पल बेल्टवालीला तो दोनदा लागता लागता राहिला. पण या पातळीवर तो पहिला डाव म्हणून क्वचितच लागतो. समोरची आधी दुसऱ्याच कशाला तरी तोंड देत असली पाहिजे.

म्हणून नोव्हेंबरपर्यंत नवीन डाव बंद. व्हिडिओ बघायचेच तर स्वतःच्या सरावाचे बघ. बेरिंबोलो उत्तम आहे, पुढच्या पावसाळ्यात शीक. लेग लॉकचं तर गणितच वेगळं आहे. या नियमांत पर्पल बेल्टला पायावर सरळ अँकल लॉक तेवढा चालतो. नीबार (गुडघ्यावरचा डाव) आणि टो होल्ड (पाऊल पिळायचा) ब्राउनपासून, हील हुक (टाच पिळायचा) तर गीमध्ये, म्हणजे आपल्या जाड सुती पोशाखातल्या खेळात, कुठल्याच बेल्टला नाही. अँकल लॉक लावताना आपला पाय समोरचीच्या गुडघ्यावरून आत वळला, म्हणजे रीपिंग झालं, तर थेट बाद. रात्री बारापर्यंत जागून जे शिकतेयस त्यातलं बरंचसं मॅटवर केलंस तर तुलाच घरी पाठवतील.

त्याऐवजी एक वही घे आणि पहिल्या पानावर लिही: लढत सुरू झाली, माझी पहिली पकड कोणती? तुझा खेळ गार्डचा दिसतो, तेव्हा एक हात कॉलरला आणि दुसरा तिच्या बाहीला, दोन्ही पकडी हातात आल्याशिवाय बसायचं नाही. तिने आधी पँट धरली तर ती पकड तोडल्याशिवाय तर मुळीच नाही. ती पकड तोडायचा एकच प्रकार निवड आणि तोच घोट. दुसऱ्या पानावर: बसल्यावर पहिला स्वीप कोणता, तो अडला तर दुसरा कोणता. तिसऱ्या पानावर: वर आल्यावर पास कोणता. एवढंच. चौथं पान लागत असेल तर आधीच्या पानांवर गर्दी झाली आहे असं समज. गार्डवरच अवलंबून असलेल्या खेळाडू बहुतेक वेळा तिसऱ्या पानावर मार खातात. जिवाच्या आकांताने स्वीप मारतात, दोन गुण मिळतात, आणि वर आल्यावर काय करायचं ते ठरलेलं नसल्यामुळे दहा सेकंदांत परत खाली जातात.

जोडीदार नाहीत ही तक्रार मी गोव्यात दर पावसाळ्यात ऐकते. पण असलेल्या जोडीदारांना तू काम नेमून देत नाहीस. ऐंशी किलोच्या मुलाबरोबर नुसतं रोल केलंस, म्हणजे सरावाची लढत खेळलीस, तर तो वजनावर गार्ड पास करणार आणि तू साइड कंट्रोलखाली, त्याच्या आडव्या वजनाखाली, श्वास सांभाळणार. तग धरायला शिकवतं ते, आणि तो अभ्यास तुझा पुरेसा झाला आहे. त्याला सांग: तू माझ्या क्लोज्ड गार्डमध्ये आहेस, 2-0 ने पुढे आहेस, दोन मिनिटं उरली आहेत, मला काही करू देऊ नकोस. जड मुलगा हे काम फार छान करतो, त्याला फक्त ताठ बसायचं असतं. तुझी एप्रिलची लढत तुला रोज संध्याकाळी फुकट खेळायला मिळेल. सुरुवातीचे आठ-दहा दिवस काहीच जमणार नाही. मग कधीतरी त्याची बैठक हलते, आणि ऐंशी किलोवाल्याची हलली तर साठ किलोवालीची हलेलच.

व्हाइट बेल्टवाले दुसऱ्या कामाचे. स्वीप पूर्ण झाल्या क्षणापासून सुरुवात करायची: तू वर, ती किंवा तो खाली, आणि जीव खाऊन उठायचा प्रयत्न करणारा. कडेला बसलेल्या कुणाला तरी मोठ्याने मोजायला लाव, एक, दोन, तीन. तीन झाल्याशिवाय पासची हालचाल करायची नाही. तीन सेकंदांचा अंदाज अंगात मुरला नाही की माणूस दीड सेकंदातच पुढच्या डावाकडे धावतो आणि मिळालेले गुण सोडून देतो. नव्या मुलांचं वेड्यासारखं धडपडणं इथे उपयोगी पडतं, कारण त्याला ठरलेला साचा नसतो. फक्त बोटं आणि गुडघे सांभाळ.

उभ्याने पकडीची झटापट कुणाशीही करता येते, ती रोज कर. तीस सेकंद, गुण फक्त पकडीचे. तुमच्याकडे कुस्ती खेळलेला कुणी येत असेल तर त्याला सोडू नकोस. एकेरी पट काढणारा माणूस समोर असला की पाय कधी उघडा पडतो ते आपोआप कळायला लागतं.

सहा दिवस मात्र नको. फोंड्याहून बाणस्तारी, पणजी, पर्वरी असा ट्रॅफिक काढत म्हापसा गाठायचं, परत यायचं आणि वर शिफ्ट. पुढे जात नाही असं तुला वाटतं त्याचं निम्मं कारण थकवा आहे असं मला ठामपणे वाटतं. चार दिवस कर. दोन दिवस जोरात, दोन दिवस वहीतल्या पानांचं ड्रिल आणि वर सांगितलेल्या नेमक्या स्थिती. पाचव्या दिवशी फोंड्यातच, घराजवळ, वजनं उचल: डेडलिफ्ट, रोइंग आणि जुन्या गीची कॉलर बारला टाकून तिला धरून पुल-अप. रात्रपाळी करून आलेल्या दिवशी जोराचे रोल अजिबात नाहीत. दमलेल्या अंगाला प्रतिसाद द्यायला उशीर होतो, आणि गुडघे बहुतेक अशाच दिवशी जातात. जोराच्या दोन दिवसांपैकी एका दिवशी पूर्ण सात मिनिटांची लढत खेळ, कारण अ‍ॅडल्ट पर्पलची लढत सात मिनिटांचीच असते. गुण धरून, घड्याळ लावून, रेफ्री उभा करून. दर दोन मिनिटांनी ताजा जोडीदार आत आला तर उत्तम, पण असली लढत आठवड्यातून एकदाच.

आता वजन. इथे आईचं बरोबर आहे, आणि मी तिच्याहून कडक बोलणार आहे.

गीच्या स्पर्धेत वजन होतं ते पहिल्या लढतीच्या लगेच आधी, गी अंगावर असताना. संधी एकच. काटा पुढे गेला तर लढत न खेळता बाद. गीचं वजन दीड किलो धर, म्हणजे 58.5 मध्ये बसायला तुझं अंग 57 वर आलं पाहिजे. 61 वरून चार किलो. चरबी उतरवून ते होणार नाही, कारण रोज सराव करणाऱ्या तुझ्या अंगावर तेवढी फालतू चरबी नसणार. मग शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडावं लागेल, आणि वजन दिल्यावर ते पाणी भरून काढायला तुला काही मिनिटंही मिळणार नाहीत. कोरड्या अंगाने सात मिनिटं लढायचं. 1997 साली अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरच्या साधारण महिनाभरात कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना मेले. रबरी कपडे घालून, गरम खोलीत घाम काढत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना बंद झाले आणि वजन लढतीच्या जवळ आणलं गेलं, म्हणजे पाणी तोडण्यात कुणाला फायदाच उरू नये. आयबीजेजेएफच्या काट्याचा परिणामही तोच होतो. त्याच्याशी भांडू नकोस.

64 च्या गटात बघ काय होतं. सकाळी 61, नाश्ता करून, गी घालून 63 च्या आसपास. एक किलो शिल्लक. तारीख पाळीच्या दिवसांत आली तर अंगात पाणी धरतं, काटा किलोभर वर जाऊ शकतो, म्हणून ती शिल्लक लागतेच. पाळी पुढे जायला लागली असेल किंवा थांबली असेल तर ते कमी खाण्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दाखव, स्पर्धा गेली तरी चालेल. आणि 64 मधल्या मुली ताकदवान आहेत म्हणतेस, तर एक वेळ जेवून तू त्यांच्याहून अशक्तच होणार आहेस. आजपासून दोन्ही वेळा जेव. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात-हुमण आणि मासळी, रात्री पुन्हा मासळी किंवा अंडी, कडधान्य. आपल्याकडच्या रोजच्या जेवणात खेळाडूला लागणारं जवळजवळ सगळं आहे. चवथीच्या नेवऱ्यांनी कुणाचा वजनगट बदलत नाही.

गजकर्णाचं क्रीम आजच बंद कर. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच मिश्र क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत जाते, डाग फिका पडतो, बुरशी मात्र आत वाढत राहते आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. तुझं जातं आणि परत येतं ते बहुधा याचमुळे. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग विभागात किंवा फोंड्यात जवळ असतील तिथे, आणि सांगतील तितके आठवडे औषध पूर्ण घे, डाग गेला तरी. ते हो म्हणेपर्यंत मॅटवर जाऊ नकोस. हे तुझ्या जोडीदारांसाठीही सांगतेय, कारण गी घासली जाते ती जागा मानच. स्पर्धेतही अंगावर संसर्ग दिसला तर खेळू देत नाहीत. आपल्या हवेत गी दोन दिवस वाळत नाही, म्हणून दोन गी तरी हव्यात. दमट गी परत घालायची नाही, पंख्याखाली पसरून खडखडीत वाळव. बेल्टसुद्धा धू. बेल्ट धुवायचा नसतो असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. आणि ज्या गीवर खेळणार ती आत्ताच वाळवून, घालून वजन कर. ओलसर गी काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅम सहज वाढवते. बाह्या आटल्या आहेत का ते बघ, हात समोर सरळ केल्यावर बाही मनगटापासून पाच सेंटिमीटरपेक्षा वर राहिली तर तपासणीत अडवतात. रंग पांढरा, निळा किंवा काळा. आत रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा शर्ट, बायकांना सक्तीचा आहे.

शेवटचे दहा दिवस सराव निम्म्यावर आण. दिवस तेवढेच, पण वेळ कमी, हालचाल चपळ. जोराचा शेवटचा रोल आठवडाभर आधी, तोही ओळखीच्या जोडीदाराशी. या दिवसांत अंग हलकं होतं, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं आणि माणूस घाबरून पुन्हा जोर करायला जातो. करू नकोस.

स्पर्धेच्या दिवशी वजनाच्या तीन तास आधी पेज आणि केळं. नाव पुकारण्याआधी घाम येईपर्यंत अंग तापव, एक छोटा जोराचा रोल मिळाला तर घेच. पहिल्या लढतीत हात दगडासारखे भरून येतात ते थंड अंगाने उतरल्यामुळे. कोपऱ्यात जो कोच किंवा मित्र बसेल त्याच्याशी तीन शब्द ठरवून घे आणि ते कोंकणीत ठेव: धर, ऊठ, राव (थांब). परराज्यात समोरच्या कोपऱ्याला ते कळणार नाहीत, आणि त्या गोंगाटात याहून लांब वाक्य तुलाही ऐकू येणार नाही. शेवटच्या दोन मिनिटांत त्याने गुण ओरडून सांगायचे. स्वतःही फलक बघायची सवय लाव, सरावात भिंतीवर फळा लावून. गुण, अ‍ॅडव्हांटेज, दंड, तिन्ही रकाने.

वजनगट बदलायला स्पर्धेच्या नोंदणीत मुदत असते आणि ती गेल्यावर विनंती ऐकत नाहीत. हे वाचून झालं की आधी ते काम कर, 58.5 वरून 64 वर. नंतर त्या गटातल्या नावांची यादी बघ. महिलांच्या पर्पलमध्ये कधी कधी दोन-तीनच नावं असतात, त्यांच्या जुन्या लढती सापडल्या तर प्रत्येकीची पहिली पकड कोणती ते वहीत मागच्या पानावर लिहून ठेव.